ह्यूरॉन नादची पहिली मिरवणूक

ढोल म्हटला की रस्ता लागतो, आणि अमेरिकेत सगळं मिळतं, तो रस्ता तेवढा मिळत नाही. रस्ते आहेत, चांगले चकाचक आहेत, पण ते गाड्यांचे. माणसांनी कमरेला ढोल बांधून त्यांच्या मधोमध चालायचं म्हटलं की आधी पोलीस हजर. ॲन आर्बरच्या ‘ह्यूरॉन नाद’ ढोल पथकाने तीन वर्षं हेच भोगलं होतं. देवळामागचा पार्किंग लॉट आणि शाळेचं जिम, एवढीच त्यांची मजल. मागच्या गणपतीत पार्किंग लॉटच्या बाहेर जेमतेम पन्नास पावलं गेले असतील, तर कुण्या शेजाऱ्याने फोन केला आणि पोलीस आला. बिचारा अगदी अदबीने म्हणाला, “सर, हा निषेध मोर्चा आहे का?”

पथकाचा म्होरक्या गुरुनाथ शाळिग्राम. मोटारींच्या ब्रेकचं डिझाइन करणारा इंजिनिअर, वय एकोणपन्नास, आणि स्वभाव असा की ब्रेक फक्त मोटारींना. तरुणपणी पुण्यात लक्ष्मी रोडच्या विसर्जन मिरवणुकीत तो ढोल वाजवायचा, पण कायम मागच्या रांगेत. ताशा त्याला कुणी दिला नाही. ताशा पुढे असतो. तो सांगेल तसे ढोल वाजतात, तो थांबला की ढोल थांबतात. ताशेवाला म्हणजे पथकाचा सेनापती. तेव्हा अमेरिकेत येऊन गुरुनाथने सरळ स्वतःचंच पथक काढलं. आपलंच पथक असलं की ताशा मागायला कुणाच्या दारात जावं लागत नाही.

त्याची मुलगी नैना सतरा वर्षांची, जन्मलेली इथेच. शाळेच्या ऑर्केस्ट्रात चेलो वाजवायची, चार वर्षं फ्रेंच शिकत होती, आणि पथकात तिच्या हातात होत्या झांजा. ताशा तिला येत होता. तळघरात जुन्या उशीवर काड्या मारून तिने गुरुनाथचे सगळे ठेके उचलले होते, आणि वर टीव्हीसमोर बसलेल्या गुरुनाथला ते ऐकूही येत होतं. पण “लोक म्हणतील, घरचीच म्हणून पुढे केली,” असं म्हणून त्याने तिला झांजांवर ठेवलं होतं. खरं कारण निराळं होतं. एवढ्या वर्षांनी हाती लागलेला ताशा सोडवत नव्हता, दुसरं काय!

आणि ज्या रस्त्यासाठी गुरुनाथ तीन वर्षं तळमळत होता, तो मिळवला नैनानेच. मागच्या वसंतात शाळेच्या सहलीबरोबर ती सीमेपलीकडच्या क्युबेक सिटीला गेली होती आणि तिथे मादाम ब्लाँशे नावाच्या बाईंच्या घरी आठवडाभर राहिली होती. बाई साठी ओलांडलेल्या, तटाखालच्या जुन्या वस्तीत राहणाऱ्या आणि वस्तीच्या कमिटीतल्या. दोन हजार आठ साल उजाडलं तसं त्या शहराला चारशे वर्षं पूर्ण होणार म्हणून जागोजागी काहीबाही सुरू झालं. फेब्रुवारीत वस्तीची हिवाळी मिरवणूक निघणार होती. नैनाने त्यांना पथकाचा एक व्हिडिओ पाठवला आणि उलट टपाली आमंत्रण आलं. दुपारी दोन वाजता, खरा रस्ता, गाड्या बंद, दोन्ही बाजूंना माणसं.

“चारशे वर्षं,” गुरुनाथने हिशेब मांडला. “म्हणजे महाराजांचा जन्मही व्हायचा होता गं!” आणि पुण्यातल्या यच्चयावत नातेवाइकांना फोन करून त्याने सांगितलं की आमच्या पथकाला परदेशातून बोलावणं आलंय. तो स्वतः परदेशातच राहतो हे त्या भरात त्याच्या लक्षात आलं नाही.

मग काय, एक भाड्याची व्हॅन आणि तीन गाड्या काढून मंडळी निघाली. सीमेवरच्या अधिकाऱ्याने व्हॅनचं दार उघडायला लावलं आणि एकावर एक रचलेले ढोल बघून विचारलं, “यांचा आवाज किती होतो?”

“व्हेरी, सर,” परीक्षित म्हणाला. हा नागपूरचा पोरगा, सॉफ्टवेअरमधला, पथकातला सगळ्यात दणकट ढोलवाला. अधिकारी हसला आणि त्याने जाऊ दिलं.

दिवसभर गाडी हाकून संध्याकाळी शहर दिसलं, आणि गुरुनाथ काचेला नाक लावून बसला. नदीत बर्फाचे तुकडे वाहत होते, वर कड्यावर जुनं शहर, आणि शहराला चक्क तटबंदी! बुरूज, वेशीचे दरवाजे, तोफा, आणि सगळ्यावर हातभर बर्फ. पुणेकर माणूस, कौतुक करतानाही मार्क कापल्याशिवाय राहतोय थोडाच. “बुरूज बरे आहेत,” तो म्हणाला, “पण चढाला काहीच अर्थ नाही. आपल्या मावळ्यांनी एका रात्रीत घेतला असता.”

त्याची बायको आसावरी मात्र दुसऱ्याच गोष्टीने भारावली होती. रस्त्यावरच्या पाट्या फ्रेंच, दुकानदार फ्रेंच, बर्फात घसरगुंडी करणारी पोरंसुद्धा फ्रेंचमध्येच भांडत होती. चहूबाजूंना इंग्रजीचा समुद्र, आणि मध्ये हे लोक आपली भाषा घट्ट धरून बसलेले. आसावरी दर रविवारी मंडळाच्या शाळेत दहा-बारा पोरांना मराठी शिकवायची आणि निम्म्या वेळेला हताश होऊन घरी यायची. “बघ गुरू, होतं की नाही? धरून ठेवलं तर राहतं,” ती म्हणाली. तिला त्या अनोळखी लोकांचा अगदी माहेरच्यासारखा अभिमान वाटला. जेवायच्या वेळी सगळं पथक कोंबडीमागच्या पिल्लांसारखं नैनाच्या मागे उभं होतं आणि नैना एकटी फडाफडा फ्रेंच बोलून सगळ्यांसाठी मटाराचं सूप मागवत होती.

ढोल ठेवायला मादाम ब्लाँशेंनी चर्चखालचा हॉल उघडून दिला होता. बाहेर उणे अठरा आणि आत हीटर असा धडाडून चाललेला की मंडळींनी भराभर जॅकेटं काढली. दाराच्या मुठीला हात लावला की बोटाला विजेचा बारीक चटका बसायचा. गुरुनाथने हॉलच्या मधोमध उभं राहून हुकूम सोडला, “सगळे ढोल ताणून ठेवा. चांगले कडक.”

हे त्याचं पुण्याचं शहाणपण. तिथे गणपती येतात भाद्रपदात. हवा ओली, वर पाऊस, आणि चामड्याची पानं पुन्हा पुन्हा सैल पडतात. तिथल्या ढोलवाल्याच्या हाडात एकच गोष्ट मुरलेली असते: हवा बिघडली की दोऱ्या ताणा. उद्या तर बर्फात वाजवायचं होतं. याहून बिघडलेली हवा कुठे सापडणार?

“बाबा, नको,” नैना म्हणाली. “इट्स सो ड्राय हिअर. माझे लिप्स बघ, क्रॅक झालेत. विंटरमध्ये आम्ही चेलोच्या केसमध्ये ओला स्पंज ठेवतो, नाहीतर लाकूडसुद्धा फुटतं. हे तर लेदर आहे.”

“चेलो वेगळा, ढोल वेगळा.”

“ड्राय एअर सेमच आहे ना, पण!”

“नैना, पंचवीस वर्षं ढोल बघतोय मी. परीक्षित, ताण.”

परीक्षितने एकदा नैनाकडे पाहिलं, एकदा म्होरक्याकडे, आणि भिंतीला पाय लावून दोऱ्या ओढल्या. टिचकी मारली की ढोल टणटण बोलायला लागले. गुरुनाथ खूश होऊन झोपायला गेला.

सकाळी हॉलचं दार उघडलं आणि आधी कुणाला काही कळेचना. ढोल जागच्या जागी होते. मग परीक्षितने एक सरळ केला. पान या कडेपासून त्या कडेपर्यंत फाटलेलं. दुसरा सरळ केला, तोही तसाच. रात्रभर हीटरने चामड्यातला ओलावा शोषला होता, पान आकसलं होतं, आणि आधीच कडक ताणलेलं, ते जाईल कुठे? आठातले दोनच ढोल वाचले, तेही लहान. ताशांची पानं प्लास्टिकची म्हणून ते धड राहिले.

नैनाने ‘सांगितलं होतं ना’ म्हटलं असतं तर गुरुनाथला सोपं गेलं असतं. भांडण काढून त्याने ती वेळ निभावून नेली असती. पण ती खाली बसून फाटलेल्या पानावरून नुसता हात फिरवत होती. तिचे ओठ खरोखरच फुटले होते, रक्ताची बारीक रेघ दिसत होती. काल बघ म्हणाली तेव्हा आपण पाहिलंसुद्धा नाही, हे गुरुनाथच्या मनाला फार लागलं.

“मी माती खाल्ली,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “नैनाने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. सॉरी.” पथकाने म्होरक्याच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. पण सॉरी म्हणून ढोल वाजत नाही. दोन वाजता मिरवणूक, आणि दोन लहान ढोलांवर त्या रुंद रस्त्यावर जाणं म्हणजे भरल्या मांडवात बोडक्या डोक्याने उभं राहणं. “कॅन्सल करू या,” गुरुनाथ म्हणाला, आणि तीन वर्षं जिच्यासाठी थांबलो ती मिरवणूक आपणच बुडवली म्हणून स्वतःच्याच हाताने फाटके ढोल भिंतीला लावू लागला.

“वेट,” नैना म्हणाली आणि जॅकेट न घालताच जिन्याने वर पळाली.

थोड्या वेळाने ती मादाम ब्लाँशेंना घेऊन आली. बाईंनी फाटके ढोल एकेक करून बघितले, आणि आजारी माणसाला बघून करावं तसं च् च् केलं. मग त्या नैनाशी बोलत सुटल्या. हात हलवत, मध्येच छताकडे बोट दाखवत. नैना वळली तेव्हा तिचे डोळे चमकत होते.

“बाबा, यांच्या चर्चचं ड्रमपथक होतं. या आजी यंग होत्या तेव्हा. दर संडेला रस्त्यावर मार्च करायचे. मग लोक गेले, बंद पडलं. वरच्या खोलीत ड्रम्स आहेत अजून. मोठे! प्लास्टिकची पानं आहेत.”

“देतील?”

“देतील. पण त्या म्हणतात, हे ड्रम्स या वस्तीचे आहेत. वस्तीचं माणूस बरोबर असल्याशिवाय दाराबाहेर जात नाहीत. दॅट्स द रूल. सो… त्या वाजवणार. आणि फोन करून बाकीच्यांना बोलावतायत.”

तासाभरात पाच-सहा जण जमले. कुणाचा गुडघा धरलेला, कुणाला कानात यंत्र, एक आजोबा तर नळदुरुस्तीचं काम तसंच टाकून आलेले. पण धूळ झटकून त्या मोठ्या ड्रमचा पट्टा खांद्यावर घेतला तशी एकेकाची पाठ सरळ झाली. परीक्षितने एका ड्रमवर टिपरू मारून बघितलं. हॉलच्या काचा थरथरल्या. “यार दादा,” तो म्हणाला, “हे तर आपल्याहून भारी आहे.”

गुरुनाथने ताशा कमरेला बांधला आणि तालीम सुरू केली. आणि पाच मिनिटांत तिचा पार बोऱ्या वाजला. त्याच्या पथकाला त्याची सवय होती. तो “उचल!” म्हणाला की उचलायचं, “सोड!” म्हणाला की सोडायचं. या पाहुण्यांना त्यातलं एक अक्षर कळेना. त्याने इंग्रजीत ओरडून पाहिलं, तर आजोबांनी कानातलं यंत्र काढून ठेवलं. मग नैना मध्ये उभी राहून भाषांतर करायला लागली, पण भाषांतर पोचेपर्यंत ठेका पुढे गेलेला. सगळे एकमेकांच्या पायात पाय अडकल्यासारखे वाजवत होते.

शेवटी मादाम ब्लाँशेंनी ड्रमवर हात ठेवून आवाज बंद केला आणि नैनाकडे बोट दाखवून शांतपणे काहीतरी म्हटलं. नैना झांजांची दोरी बोटाला गुंडाळू लागली.

“काय म्हणतायत?” गुरुनाथने विचारलं.

“नथिंग.”

“नैना.”

तिने मान खाली घातली. “त्या म्हणतात, या मुलीचं आम्हाला कळतं. हिलाच पुढे उभं करा.”

आसावरी भगवा ध्वज काठीला बांधत होती. गाठ मारता मारता, मान वर न करता ती म्हणाली, “गुरू, ताशा तिला दे. आत्ता नाही दिलास तर कधी देणार आहेस?”

माणूस हट्टी असतो, मूर्ख नसतो. गुरुनाथला क्षणभर लक्ष्मी रोडवरचा तरुणपणचा तो स्वतः आठवला, मागच्या रांगेतून पुढच्या ताशाकडे बघणारा, आपल्याला कुणी तरी हाक मारेल म्हणून वाट बघणारा. त्याला कुणी हाक मारली नव्हती. आणि त्याने काय केलं होतं? घरात तेच केलं होतं. त्याने कमरेचा पट्टा सोडला, नैनाच्या मागे जाऊन तिच्या कमरेला बांधला, आणि दोनदा ओढून बघितला. “फार घट्ट नाही ना?” त्याने विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “थोडा सैलच बरा.”

आणि दोघंही हसले.

मग नैनाने जे केलं ते बघत राहावं असं होतं. तिने आधी वाजवलंच नाही. तिने सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, फ्रेंचमध्ये आकडे मोजत, अँ, द्यू, त्रुआ. मग टाळ्यांच्या जागी पाय. मग ड्रम. मराठी मंडळींना मराठीत, पाहुण्यांना फ्रेंचमध्ये, आणि हाताची खूण सगळ्यांना एकच: काडी वर गेली की थांबायचं, खाली आली की तुटून पडायचं. बारा वाजेपर्यंत तिने मावळे आणि फिरंगी एका तालात बसवले. गुरुनाथने एक वाचलेला लहान ढोल उचलला आणि मुकाट्याने शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

दोन वाजता मंडळी रस्त्यावर आली. कानटोप्यांवर फेटे, थर्मलवर स्वेटर, त्यावर पांढरे कुडते. सगळे लग्नातल्या लोडांसारखे दिसत होते. बायकांनी नऊवारीखाली बर्फाचे बूट घातले होते. नारळ रात्रभर व्हॅनमध्ये राहिलेला. तो फोडला तर पाण्याऐवजी आत बर्फाचा गोळा निघाला, आणि परीक्षितने तोच तीर्थ म्हणून तुकडे करून वाटला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं होती, पोरं बापांच्या खांद्यावर होती, आणि मधला रस्ता मोकळा, पांढरा, त्यांच्यासाठी.

“गणपती बाप्पा!” आसावरीने ध्वज उचलला.

“मोरया!” मराठी मंडळी गरजली, आणि पाठोपाठ मादाम ब्लाँशेंच्या मंडळींनीही जमेल तसं गरजून घेतलं.

शेवटच्या रांगेतून गुरुनाथला पुढचं काही दिसत नव्हतं. नैनाच्या फेट्याचा भगवा तुरा तेवढा अधूनमधून दिसायचा. पण ऐकू सगळं येत होतं. ताशा कडकडला, एकटा, त्या थंड हवेत अगदी स्वच्छ. मग ढोल आणि ड्रम एकदम घुमले आणि आवाज त्या दगडी घरांवर आपटून परत अंगावर आला. पार्किंग लॉटमध्ये हा आवाज कधी येत नसतो, तिथे तो नुसता आकाशात जातो. आवाजाला दोन्ही बाजूंनी भिंती लागतात, माणसं लागतात, रस्ता लागतो. छपरावरचा बर्फ खाली घसरला. खिडक्या उघडल्या, एवढ्या थंडीत. एक म्हातारी गॅलरीत येऊन मादाम ब्लाँशेंचं नाव घेऊन ओरडली आणि रडायला लागली. वस्तीचे ड्रम तिने किती वर्षांनी ऐकले असतील कोण जाणे. गुरुनाथचे हात थंडीने बधिर झाले होते, तरी ढोलावरचं टिपरू एकदाही चुकत नव्हतं.

चौकात आल्यावर नैनाची काडी वर गेली. सगळं थांबलं.

इथे गुरुनाथ नेहमी दोन मात्रा थांबायचा. जास्त थांबायची त्याची छातीच व्हायची नाही; न जाणो, ताल सुटला तर! नैना दोन मात्रा थांबली, चार थांबली, आणि थांबूनच राहिली. सगळा चौक श्वास रोखून उभा होता. कुठेतरी एक कुत्रं भुंकलं. गुरुनाथ टिपरू हवेत धरून उभा होता आणि पुढे काय होणार हे त्याला ठाऊक नव्हतं. स्वतःच्या पथकात पहिल्यांदाच ठाऊक नव्हतं. त्याला लहान मुलासारखी मजा वाटली. मग काडी खाली आली, आणि जे काही त्या चौकात कोसळलं त्याला ढोलवाला ‘वादन’ म्हणतो आणि ज्याने ऐकलं तो विसरत नाही.

संपलं तेव्हा लोक ओरडत होते. काय ओरडत होते ते गुरुनाथला समजायला फ्रेंचची गरज नव्हती. सगळ्या जगात ते एकाच सुरात ओरडतात. आणखी एकदा, आणखी एकदा. सवयीने त्याचा हात वर गेला, पथकाला ‘उचल’ सांगायला.

कुणी त्याच्याकडे बघितलंच नाही. परीक्षित, आसावरी, मादाम ब्लाँशे, ते कानात यंत्र असलेले आजोबा, सगळे पुढे नैनाकडे बघत होते, तिची काडी कधी हलते म्हणून. गुरुनाथ हात वर धरून थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग त्याने तो हात खाली घेतला, ढोल सावरला, आणि आयुष्यात आपली मान इतकी ताठ कधीच झाली नव्हती असं वाटून, इतर सगळ्यांसारखाच, तिच्याकडे बघत हुकमाची वाट पाहू लागला.